‘व्हिडिओ’ नावाचा गट

संगणकाला कॅमेरा जोडून समोरच्याचं तोंड पाहत बोलणं लिनक्सवर कसं शक्य झालं, त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, याला कशाचा आला इतिहास? मोबाईल उघडला की व्हिडिओ कॉल लागतो. खरं आहे. पण आम्हाला हा इतिहास एका कर्जापायी शिकावा लागला, म्हणून आधी त्या कर्जाचं ऐका.

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी लागली आणि गटांच्या बैठका बंद पडल्या. बचत चालू होती, पण बैठक फोनवर. त्यात आमच्या एका गटानं एका ताईंना दहा हजारांचं अंतर्गत कर्ज फोनवरच मंजूर केलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, “कर्ज तूच घेऊन राह्यली ना वं?” पलीकडून “हाव” असा आवाज आला. लिहून घेतलं, पैसे दिले. सहा महिन्यांनी कळलं की फोन नवऱ्याच्या हातात होता, स्पीकर लावलेला, आणि ती बाजूला उभी होती. पैसा तिच्या हाताला लागलाच नाही. हप्ते मात्र ती निंदणाच्या मजुरीतून भरत होती. गटानं त्या दिवशी ठराव केला: इथून पुढे तोंड पाह्यल्याशिवाय कर्ज नाही.

आणि मग २२ फेब्रुवारी २०२१ उजाडला. राज्यात बाकी ठिकाणी बऱ्यापैकी मोकळीक असताना आपल्या अमरावती शहरात आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. तिकडे अकोला, मूर्तिजापूर, अकोटही बंद. आठवड्याची म्हणता म्हणता अमरावतीत ती ८ मार्चपर्यंत वाढली. याच दिवसांत आमच्या गटातली एक जण अकोल्याला माहेरी अडकली होती. आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलेलं, पंधरा हजार कमी पडत होते. तिनं अर्ज सांगितला फोनवरून. ठराव मात्र तोंड पाहण्याचा. सचिवताई वही घेऊन केंद्रात बसलेल्या, बाकीच्या आपापल्या घरी. दहाबारा जणींचे चेहरे एका छोट्या मोबाईलवर पाहायचे म्हणजे तांदळातले खडे निवडण्यासारखं. केंद्रात मोठ्या पडद्याचा संगणक होता. त्यावर बैठक घ्यायचं ठरलं.

हा संगणक एका कार्यालयानं मोडीत काढलेला. त्यावर महागडी प्रणाली चालवायची तर परवान्याचे पैसे लागतात, आणि जुन्या यंत्राला ती झेपतही नाही. म्हणून कॉलेजातल्या एका मुलानं त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. लिनक्स फुकट मिळतं, वाटता येतं, आणि त्यातले शब्द मराठीतही येतात. कॅमेरा एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून दीडशे रुपयांत घेतलेला. मुलानं जोडून दाखवला तेव्हा चित्र दिसलं होतं. आम्ही जोडला तर संगणक म्हणे, कॅमेरा सापडत नाही. सचिवताई म्हणाल्या, “डोया तर समोरच हाये, मग याले काहून नाही दिसून राह्यला?”

आता इथून इतिहास. जगातला पहिला वेबकॅम कशासाठी लागला ठाऊक आहे? कॉफीसाठी. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच भांडं होतं. इमारतीच्या दुसऱ्या भागातून माणूस यावा आणि भांडं रिकामं निघावं, हे रोजचं. १९९१ मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल यार्देत्स्की या दोघांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं करड्या रंगातलं, टिकलीएवढं चित्र सगळ्यांच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला आणि भांड्याचा लिलाव ३,३५० पौंडांना झाला. आमच्या एका काकूंनी हे ऐकून विचारलं, “एवढे शिकलेले लोक, मग कॉफी संपली की दुसरी मांडाले काय झालं होतं?” याचं उत्तर आमच्याजवळ नाही.

त्याच १९९१ सालच्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं की, आपण हौसेखातर संगणकाची एक प्रणाली लिहीत आहोत. तेच लिनक्स. पुढच्या वर्षी त्यानं ते अशा परवान्याखाली दिलं की कोणीही ते वाचावं, बदलावं, वाटावं. पण बदल करून वाटलं तर आपला बदलही इतरांना उघडा करून द्यावा. आपल्या गटाची वही जशी बैठकीत वाचूनच दाखवावी लागते, तसं.

घरी वापरायचा कॅमेरा बाजारात आला १९९४ मध्ये. अमेरिकेतल्या कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम, गोल चेंडूसारखा, किंमत शंभर डॉलरच्या आसपास, चित्र काळंपांढरं. तो मॅकिंटॉश संगणकासाठी होता. पुढे विंडोजसाठी कॅमेरे आले. लिनक्ससाठी मात्र कोणी कॅमेरा करेना.

याचं कारण नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे. कॅमेरा म्हणजे नुसती काच नव्हे. आतली चिप चित्राचे आकडे करते, ते दाबून बारीक करते आणि वायरीतून पाठवते. ते आकडे उलगडून पुन्हा चित्र कसं करायचं, हे संगणकाला सांगणारी एक छोटी आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक कंपनीची आकडे दाबायची तऱ्हा वेगळी, आणि ती सांगायला कंपनी तयार नसे. विंडोजचा ड्रायव्हर डब्यातल्या सीडीत यायचा. लिनक्सवाल्यांना डबा मिळे, सीडी निरुपयोगी ठरे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲलन कॉक्स आणि त्याच्यासारख्या काही जणांनी लिनक्समध्ये ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ नावाची एक चौकट घातली. कॅमेरा कोणताही असो, प्रोग्रामांनी त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं ते तिनं ठरवलं. २००२ मध्ये तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. रस्ता झाला, पण गाड्या कुठे होत्या? एकेका चिपसाठी ड्रायव्हर लिहायचं काम बाकीच होतं.

ते कुणी केलं? फ्रान्समधल्या मिशेल क्झार नावाच्या एका डॉक्टरनं. म्हणजे रोगी तपासणारा डॉक्टर. दवाखान्याचं काम सांभाळून तो कॅमेऱ्यांतून येणारे आकडे पाहत बसे आणि त्यांची तऱ्हा ओळखून ड्रायव्हर लिही. २००७ पर्यंत त्याच्या कामामुळे २३५ प्रकारचे कॅमेरे लिनक्सवर चालू लागले होते. आम्हाला हे वाचून आपल्याकडच्या त्या डॉक्टरांची आठवण झाली जे ओपीडी संपली की रात्री सतार लावतात. फरक एवढाच की याच्या सतारीवर जगभरच्या लोकांची तोंडं दिसू लागली.

एक भांडणही झालं, तेही सांगायला हवं. फिलिप्स कंपनीच्या कॅमेऱ्यांसाठी एका कार्यकर्त्यानं ड्रायव्हर लिहिला होता. तो नेमोसॉफ्ट या टोपणनावानं काम करी. कंपनीशी त्याचा माहिती गुप्त ठेवण्याचा करार होता, म्हणून ड्रायव्हरचा मुख्य भाग उघडा आणि चांगलं, मोठं चित्र उलगडणारा भाग बंद, असं त्यानं केलं. २००४ च्या ऑगस्टमध्ये लिनक्स सांभाळणाऱ्यांनी सांगितलं की बंद भागासाठी ठेवलेली खिडकी आम्ही काढतो. तो चिडला आणि म्हणाला, मग माझा सगळाच ड्रायव्हर काढा. काढला. कॅमेरे विकत घेतलेले लोक मधल्या मधे अडकले. पुढे लूक सायार नावाच्या दुसऱ्या माणसानं बंद भागाचं काम उघड्या पद्धतीनं लिहून काढलं आणि ड्रायव्हर परत आला.

यात चूक कोणाची? आमच्यातच दोन मतं आहेत. काही जणी म्हणतात, त्या माणसानं फुकट राबून दिलं, त्याला असं तोडायला नको होतं. आमचं मत विचाराल तर खिडकी काढली ते बरोबर. वहीचं एक पान कुलपात ठेवून हिशोब बरोबर आहे म्हणणाऱ्या खजिनदाराला आपण किती दिवस चालवून घेऊ?

मग ही कटकट मिटली कशी? २००३ मध्ये यूएसबी कॅमेऱ्यांसाठी कंपन्यांनी मिळून एक सामाईक नियमावली काढली. तिला यूव्हीसी म्हणतात. त्या नियमाप्रमाणे केलेला प्रत्येक कॅमेरा एकाच ड्रायव्हरवर चालावा. लोराँ पिंशार यानं लिनक्ससाठी तो ड्रायव्हर लिहिला आणि जुलै २००८ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या डॉक्टरच्या ड्रायव्हरांचा कुटुंबकबिलाही, जाँ-फ्रांस्वा म्वान यानं नव्यानं मांडून, आत आला. म्हणून आज तुम्ही नवा कॅमेरा लिनक्सला जोडला तर सीडी लागत नाही, आणि आमच्यासारखा भंगारातला जोडला तरी बहुधा चालतो.

बोलायच्या प्रोग्रामांचं थोडक्यात: आधी ग्नोममीटिंग होतं, पुढे त्याचंच नाव एकिगा झालं. स्काइप २००३ मध्ये निघालं, पण त्याच्या लिनक्स आवृत्तीत चित्र दिसायला २००७ चा शेवट उजाडला. आता ब्राउझरमध्येच सगळं होतं, त्यामागच्या तंत्राला वेबआरटीसी म्हणतात. २६ जानेवारी २०२१ ला त्याला जागतिक मानक म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे आमच्या टाळेबंदीच्या चार आठवडे आधी. तेव्हा आम्हाला याचा पत्ता नव्हता.

तर कॅमेरा सापडेना. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, काळी खिडकी उघडा आणि एलएसयूएसबी असं लिहा.” लिहिलं. जोडलेल्या वस्तूंची यादी आली, तीत कॅमेऱ्याचं नाव होतं. म्हणजे वायर ठीक, संगणकाला कॅमेरा कळतो. मग त्यानं डेव्ह नावाच्या कप्प्यात व्हिडिओ शून्य अशी फाईल आहे का ते पाहायला सांगितलं. होती. म्हणजे ड्रायव्हरही ठीक. “तिची मालकी काय दिसते?” आम्ही वाचलं, “रूट, व्हिडिओ.” तो हसला. “ताई, तुमचं खातं गटात नाही.”

लिनक्समध्ये गट असतात, मैत्रिणींनो! आवाजाचा गट, छपाईचा गट, तसा कॅमेऱ्याचा ‘व्हिडिओ’ नावाचा गट. आमच्या जुन्या आवृत्तीत त्या गटाच्या सभासदालाच कॅमेरा वापरता येई. मुलानं चाचणी केली ती मुख्य खात्यातून, आणि ते खातं सभासद होतं. वहीच्या फायलींना धक्का नको म्हणून आम्ही महिलांसाठी ‘बैठक’ नावाचं नवं खातं उघडलं होतं. त्याला कोणी सभासदच करून घेतलं नव्हतं. नव्या आवृत्त्यांत संगणकासमोर बसलेल्याला ही परवानगी आपोआप मिळते, पण जुनी यंत्रं आपल्याच वाट्याला येतात, म्हणून हे लक्षात असू द्या. सभासद करायची आज्ञा यूजरमॉड. तिच्यापुढे उणे चिन्ह, मग लहान ए, मोठं जी, गटाचं नाव, खात्याचं नाव. तो ए विसरू नका. विसरलात तर या एका गटात नाव चढतं आणि बाकी गटांतून उतरतं.

आज्ञा दिली, तरी चित्र नाही. अर्धा तास आम्ही कपाळाला हात लावून बसलो. मग कळलं की खात्यातून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, तेव्हाच नवं सभासदत्व लागू होतं. आत आलो, ‘चीज’ नावाच्या प्रोग्राममध्ये सचिवताई दिसल्या आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. ब्राउझर उघडला तर पुन्हा अंधार! चीज बंद करायचं राहिलं होतं. एक कॅमेरा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. ते बंद केलं आणि उजेड झाला.

अकोल्याच्या आमच्या एका सहकारी ताईंच्या जुन्या लॅपटॉपवर तर सगळ्या उलट्या दिसत, पाय वर डोकं खाली. त्या म्हणायच्या, रेंज खराब आहे. रेंजचा दोष नव्हता. काही लॅपटॉपांत कॅमेराच उलटा बसवलेला असतो, विंडोजचा ड्रायव्हर तो गुपचूप सरळ करून दाखवतो. लिनक्ससाठी हान्स द गूड या कार्यकर्त्यानं अशा लॅपटॉपांची यादीच करून चित्र सरळ करायची सोय केली आहे.

दुपारी बैठक लागली. अकोल्याहून ती मोबाईलवर आली. चेहरा दिसला, आवाज आला. अध्यक्षबाईंनी मागच्या वेळचं विसरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “तोंड दिसलं बाई, पण मोबाईल कोणी धरला हाये? फिरव बरं चारही बाजूनं.” कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे हे कॅमेरा सांगत नाही, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्या आलं. तिनं मोबाईल फिरवला. भिंत, कोनाड्यातला देव, खाटेवर आई, आईनं हात वर केला. दुसरं कोणी नव्हतं. मग तिनं स्वतःहून दाराची कडी दाखवली, आतून लावलेली.

सचिवताईंनी वहीत लिहिलं: रुपये १५,०००, आईच्या ऑपरेशनसाठी, खोली पाहून मंजूर.