कर्जरोख्यावरील सही : अधिकार आणि जबाबदारी

घेतलेली रक्कम, व्याज आणि फेडीची मुदत नमूद करून ऋणकोने धनकोला लिहून दिलेला दस्त म्हणजे कर्जरोखा. त्याच्या अखेरीस कोणाची सही असावी हा प्रश्न वरवर कारकुनी वाटला, तरी कर्ज कोणाच्या माथी बसते आणि त्यापोटी कोणाची मालमत्ता जप्त होऊ शकते हे त्या सहीवरच ठरत असल्याने, महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात त्याला मोठे महत्त्व आहे.

जुन्या खतांत निरक्षर कुणब्याच्या सहीऐवजी नांगराची आकृती असे, तिच्याजवळ ‘निशाणी नांगर’ असे शब्द असत आणि ‘दस्तूर’ या शब्दाने मजकूर लिहिणाऱ्याचे नाव दिले जाई. इंग्रजी अमलातील दिवाणी न्यायालये खतातील मजकुरावर भर देऊ लागली, तेव्हा न वाचलेल्या मजकुराखालची ही निशाणी शेतकऱ्याच्या जमिनीवरच गदा आणू लागली. कापसाचे उतरलेले भाव आणि वाढीव शेतसारा यांनी गांजलेल्या रयतेने मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव केला आणि सावकारांची खते जाळली. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने अशी व्यवस्था आणली की, शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे आणि त्याच्यासमक्षच त्यावर सही वा निशाणी व्हावी.

व्यापारी कर्जात प्रश्न निराळा होता, कारण तेथे एकाने सही करायची आणि अनेकांनी बांधले जायचे. एकत्र हिंदू कुटुंबाच्या पेढीसाठी कर्ता, म्हणजे कुटुंबाचा कारभारी, सही करी. अशा अधिकाराची कसोटी प्रिव्ही कौन्सिलने १८५६ मध्ये हनुमानप्रसाद पांडे खटल्यात, अज्ञान मुलाच्या वतीने मिळकतीचा कारभार पाहणाऱ्या आईने केलेल्या गहाणाच्या संदर्भात, घालून दिली : धनकोने कर्जाची गरज खरी आहे की नाही याची वाजवी चौकशी करावी, मात्र पैशाचा विनियोग पुढे कसा झाला, याची जबाबदारी त्याच्यावर नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉयल ब्रिटिश बँकेच्या खटल्यात असे ठरले की, कंपनीची नियमावली कर्ज काढण्यास मुभा देत असेल, तर आवश्यक ठराव आत रीतसर झाला आहे, असे धनकोने सद्भावाने गृहीत धरावे.

भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यात होते, ते १९३२ मध्ये स्वतंत्र कायद्यात आले. प्रत्येक भागीदार पेढीचा प्रतिनिधी मानला गेला, तरी पेढीची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नसल्याने, गहाणखतावर सर्व भागीदारांच्या सह्या घेणे हाच धनकोसाठी सुरक्षित मार्ग ठरला. मर्यादित दायित्व भागीदारी २००८ च्या कायद्याने आली. तिच्यात भागीदार संस्थेचा प्रतिनिधी असतो, इतर भागीदारांचा नव्हे.

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती असल्याने तिला स्वतःचा हात नाही. म्हणून महत्त्वाच्या दस्तांवर तिची सामाईक मोहोर उमटवण्याची रीत होती. कंपनी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने ही मोहोर ऐच्छिक झाली आणि मोहोर नसल्यास दोन संचालकांच्या, किंवा एक संचालक व कंपनी सचिव यांच्या सहीने अधिकारपत्र देण्याची सोय झाली. कर्ज काढण्याचा निर्णय मात्र संचालक मंडळाच्या ठरावानेच होतो. म्हणून बँक सहीइतकेच त्या ठरावाच्या प्रमाणित प्रतीला महत्त्व देते. कंपनीतर्फे सही करणारा संचालक त्यामुळे व्यक्तिशः ऋणको होत नाही, पण त्याच संचालकाने जामीनपत्रावर स्वतःच्या नावाने दुसरी सही केली, तर कंपनीच्या थकबाकीसाठी त्याची खासगी मालमत्ताही अडकते.

नांगराच्या निशाणीपासून संचालकांच्या ठरावापर्यंतचा हा इतिहास एकच गोष्ट सिद्ध करतो : अधिकाराविना केलेली सही धनकोला बुडवते आणि समजुतीविना केलेली सही ऋणकोला. म्हणून आपण कोणाच्या वतीने आणि कोणत्या अधिकाराने सही करीत आहोत, हे कागदावर स्पष्ट लिहिलेले असल्याची खात्री झाल्याखेरीज कोणीही कर्जाच्या दस्तावर सही करू नये.