मौदाखच्या मुखाशी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर मौदाख ही लहानशी नदी कार्डिगनच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी समोरासमोर दोन जागा आहेत. उत्तर काठावरची टेकडी ही ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला १८९५ साली मिळालेली पहिली जमीन. दक्षिण काठावर फेअरबोर्न हे गाव. समुद्रापासून या गावाचे रक्षण कायम करता येणार नाही, असे तिथल्या किनारा-नियोजनाने सांगून टाकले आहे. एक जागा कायमची राखायची ठरली, दुसरी सोडायची. आणि दोहोंत अंतर तीनेक किलोमीटरांचे. रायगडच्या खारेपाटातल्या बंदिस्तीचा इतिहास जमवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने हा विरोधाभास मला स्वस्थ बसू देईना. गेल्या जूनमध्ये योग आला, तेव्हा ती खाडी मी एका दिवसात चालून पाहिली.

सुरुवात डोल्गेथ्लाईपासून केली. काळसर दगडी घरांचे हे गाव अठराव्या शतकात लोकरी कापडावर जगत होते आणि ते कापड नदीच्या मुखाशी असलेल्या बारमथ बंदरातून बाहेर जाई. इथला रेल्वेमार्ग १९६५ साली बंद झाला. त्याच्याच भरावावरून आता सुमारे १५ किलोमीटरांची पायवाट बारमथपर्यंत जाते. वाटेत पेन्माइनपूल येथे १८७९ साली बांधलेला टोलचा लाकडी पूल लागतो. जुलै १९६६ मध्ये सहलीची एक बोट या पुलावर आदळून १५ माणसे बुडाली. मी पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. दोन्ही बाजूंना ओला गाळ चमकत होता आणि मधून पाण्याची एक अरुंद धार वाहत होती. भरतीच्या वेळी हेच पात्र काठोकाठ भरते, हे आपल्या खाडीकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुपारी मोर्वा मौदाख स्थानकाशी आलो. १९६० पर्यंत त्याचे नाव बारमथ जंक्शन होते. ‘मोर्वा’ म्हणजे समुद्रकाठची दलदलीची सखल जमीन. आपण जिला खाजण म्हणू तसली. इथून बारमथला जाणारा १८६७चा रेल्वेपूल सुमारे ८०० मीटर लांब आहे आणि त्याचा बहुतेक भाग लाकडी खांबांवर उभा आहे. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवांनी हे खांब इतके खाल्ले होते की १९८० साली पूल बंद ठेवून दुरुस्त करावा लागला. अलीकडची मोठी दुरुस्ती २०२३ साली पुरी झाली. खाऱ्या पाण्यात उभे केलेले बांधकाम पुन्हा पुन्हा बांधावे लागते.

पूल ओलांडून बारमथच्या घरांमागची टेकडी चढलो. हीच ती दिनास ओलाई, म्हणजे प्रकाशाचा गड. फॅनी टॅल्बट या बाईंनी इथली साडेचार एकर जमीन ट्रस्टला दिली, ती तिचे रूप बिघडू नये म्हणून. दानपत्र झाले आणि बहुतांश काम तिथेच झाले. माणसांपासून जमीन राखायची तर कागद पुरतो.

टेकडीवरून समोरचे फेअरबोर्न अगदी सपाट दिसते. होडीने पलीकडे उतरून तिथे गेलो. पिठाच्या धंद्यात नाव मिळवलेल्या घराण्यातल्या आर्थर मॅकडुगल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाव हवा पालटायला येणाऱ्यांसाठी वसवले. ‘फेअरबोर्न’ हे इंग्रजी नाव तेव्हाचे. त्याआधी या भागाला मोर्वा हेन्दोल म्हणत आणि आज हॉटेल आहे त्या उंचवट्याला इनिसवाइग. ‘इनिस’ म्हणजे बेट. फ्रीओग ही जुनी वस्ती मात्र टेकडीच्या उतारावर आहे. कुठे राहावे आणि कुठे फक्त गुरे चारावीत, हे जुन्या माणसांनी नावांतच लिहून ठेवले होते. नवे नाव आले आणि तो इशारा नकाशावरून पुसला गेला.

किनाऱ्यावर गोट्यांच्या बांधापाशी दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाडारोधक काँक्रीट ठोकळ्यांची लांबच लांब रांग अजून उभी आहे. ज्या शत्रूसाठी ती उभारली तो आलाच नाही. जो रोज दोनदा येतो त्याला ती अडवू शकत नाही. २०१४ साली किनारा-नियोजनाची बातमी सर्वदूर पसरली, घरांच्या किमती कोसळल्या, गहाणकर्जे मिळेनाशी झाली आणि २०५४ हे साल गावाला चिकटले. भरपाईची ठोस तरतूद नाही, ही रहिवाशांची तक्रार. घर बुडण्याच्या चाळीस वर्षे आधीच त्याची किंमत बुडाली.

हे पाहताना मला आमचे बाहेरकाठे आठवत होते. कोलाबा जिल्ह्यातल्या शिलोत्री जमिनींवर बांधाच्या डागडुजीसाठी वेगळा आकार घेण्याची जुनी पद्धत होती. त्या पद्धतीत जुलूम नव्हता असे नाही. पण बांध एकदा घातला की तो दरवर्षी घालावा लागतो, हे सत्य तिच्या हिशेबात होते. पुढे १९७९ साली खारजमीन विकासाचा स्वतंत्र कायदाही झाला. तरी उधाणाच्या भरतीत बांधाला खांड जाते, शेतात खारे पाणी शिरते आणि दुरुस्ती कोणी करायची यावर गावात वाद होतो.

समुद्राकडून घेतलेली जमीन कधीच पुरती विकत घेतलेली नसते. ती भाड्याने असते. मॅकडुगल यांच्यासारखा वसवणारा गाव उभे करून निघून जातो. भाडे मात्र पुढच्या पिढ्यांच्या नावावर चढत राहते, आणि एके दिवशी सरकार म्हणते, आता परवडत नाही. तसे म्हणण्याचा हक्क सरकारला असेलही. पण मग शंभर वर्षे त्या भाड्यावर ज्यांना निर्धास्त राहू दिले, त्यांना उतारावर नवे घर कोण देणार, याचे उत्तरही त्याच नियोजनात असायला हवे. फेअरबोर्नने विचारलेला हा प्रश्न उद्या खारेपाटातली गावेही विचारतील.