गीरचे सिंह आणि कागदावरचा आकडा

१९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढ संस्थानात आला. अशा दौऱ्यांत शिकार हा जवळजवळ शिष्टाचाराचाच भाग असे. त्यात जुनागढच्या गीर अरण्यात भारतातले अखेरचे सिंह होते. पण ते मोजकेच उरले आहेत हे कळल्यावर कर्झनने शिकारीस नकार दिला.

हा प्रसंग सहसा कर्झनच्या औदार्याची कथा म्हणून सांगितला जातो. यजमानाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

नवाबापुढचा पेच सोपा नव्हता. गोरे अधिकारी आणि इतर संस्थानिक सिंहाची शिकार मागत. मांडलिक संस्थानाला इंग्रज पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणे परवडत नसे. ‘सिंहच उरले नाहीत’ असे सांगणे मात्र शक्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘गीरमध्ये जेमतेम डझनभर सिंह’ असे आकडे कागदोपत्री दिसतात. इतिहासकार दिव्यभानुसिंह यांच्या मते जुनागढ दरबार ही संख्या मुद्दाम कमी सांगत असे. १९३६ च्या गणनेत २८७ सिंह भरले, हे पाहता त्यांचे म्हणणे पटते. (तो ‘डझनभर’ मात्र आजही बिनदिक्कत उद्धृत होतो!)

या युक्तीला एक मर्यादा होती. सिंह हद्द मानत नाही. गीरला लागून असलेले धारी बडोद्याच्या गायकवाडांच्या अमरेली प्रांतात होते. इतर शेजारी संस्थानेही जवळच. जुनागढच्या हद्दीत परवान्यावाचून केलेली शिकार चोरटी ठरे. हद्द ओलांडलेल्या सिंहाला मात्र नवाबाच्या हुकुमाचे संरक्षण नसे. ‘चोर’ कोण, हे तेव्हा प्राण्यावरून नव्हे, जमिनीच्या मालकीवरून ठरत होते.

१९६५ मध्ये गीर अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सिंह कोणाच्याही जमिनीवर असला तरी त्याची शिकार गुन्हा ठरली. आता धोका पाहुण्याच्या बंदुकीचा नव्हता.

मार्च २००७ मध्ये गीरच्या बाबरिया भागात तीन सिंहांचे मृतदेह सापडले. नखे आणि हाडे काढून नेलेली. पुढच्या काही आठवड्यांत आणखी मृतदेह मिळाले. तपासाचा माग मध्य प्रदेशातून आलेल्या टोळीपर्यंत पोहोचला आणि आरोपींना न्यायालयात शिक्षाही झाली. हाडांच्या चोरट्या बाजारात सिंहाचे हाड वाघाचे म्हणून खपते. वाघ दुर्मिळ होत गेले तसे गीरच्या सिंहाला गिऱ्हाईक मिळाले.

नवाबाची युक्ती इथे निरुपयोगी होती. संख्या कमी सांगितली की सभ्य पाहुणा संकोचतो. चोरट्या बाजारात मात्र टंचाईने भाव चढतो. शिवाय फासा आवाज करत नाही. तो शोधायला माणसाला जंगलात पायीच फिरावे लागते. त्याच वर्षापासून गुजरात वनविभागाने गीरच्या गस्तीसाठी स्त्री वनरक्षकांचीही भरती सुरू केली.

२०२५ च्या गणनेत ८९१ सिंह नोंदले गेले. त्यांतले बरेचसे आज अभयारण्याबाहेर, शेतांत आणि महसुली जमिनीवर वावरतात.