मावळातले पाहुणे

ग्लॅम्पिंग हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, भाच्याची जीभ घसरली. पण नाही, ग्लॅमर अधिक कॅम्पिंग म्हणजे ग्लॅम्पिंग! तंबूच, पण आत पलंग, गादी, दिवे, मागे संडास-बाथरूम. पुण्याहून दीड-दोन तासांत पवना धरणाच्या काठी पोचायचं, रात्री शेकोटी, सकाळी पोहे-चहा आणि दुपारच्या जेवणाला परत घरी. गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे जाऊन आलो. समोर पाणी, एका बाजूला तिकोना, पलीकडे तुंग. मजा आली, उगाच नाकं कशाला मुरडा?

पण तिथे एक गोष्ट डोक्यात शिरली ती काही जाईना. शहरातल्या माणसाला थोडे दिवस डोंगरात राहायची हौस आली, की तिचा खर्च मावळात नेमकं कोण उचलतं?

ही हौस नवी नाही, मंडळी. कार्ले आणि भाजे इथली लेणी म्हणजे मावळातली सर्वात जुनी मुक्कामाची ठिकाणं. भिक्षू एरवी फिरतीवर असत, पावसाचे महिने मात्र एका जागी काढत. यालाच वर्षावास म्हणतात. कार्ल्याच्या लेखात नहपानाचा जावई उषवदात सांगतो, की वलूरकाच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिलं. पुढे सातवाहनांच्या काळात भिक्षूंना गाव दिल्याची आज्ञा पुन्हा कोरली गेली, ती 'मामाल'च्या अमात्याला उद्देशून. मामाल म्हणजेच आपलं मावळ! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची नोंद आहे ही. दात्याचं नाव दगडात राहिलं. करजिकमध्ये नांगर धरणाऱ्यांचं एकही नाव त्यात नाही.

मग एकदम इंग्रजांच्या काळात येऊ. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, 1863 साली घाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा-खंडाळा मुंबईकरांच्या आवाक्यात आलं. बंगले उठले. पाठोपाठ टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवलं, ते घाटाखाली खोपोलीला सोडून वीज केली आणि 1915 पासून ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आपण वळवणच्या ज्या पाण्याकडे बघत कणीस खातो, ते पाणी या कामाचं!

शेजारच्या मुळशीत मात्र लोक अडून बसले. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. लढा तीनेक वर्षं चालला, लोक तुरुंगात गेले, आणि शेवटी धरण झालंच.

पवना धरण स्वातंत्र्यानंतरचं, 1970च्या दशकाच्या सुरुवातीचं. पवन मावळातली गावं त्यात गेली, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढची कित्येक दशकं रेंगाळला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला जातात. पुढे हेच पाणी बंद नळाने थेट पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, तेव्हा नदीवर शेती असलेले शेतकरी बिथरले. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती. त्यानंतर प्रकल्पाला स्थगिती मिळाली.

आमच्या तंबूची व्यवस्था बघणारा मुलगा विशीतला होता. गाव विचारलं तर त्याने हात पाण्याकडे केला, "आजोबांचं वावर तिकडं होतं." आवाजात तक्रार नव्हती. शनिवार-रविवार बरा पैसा मिळतो म्हणाला. जागा मात्र दुसऱ्याची, तो पगारावर.

काकू म्हणतील, मग काय आम्ही फिरायलाच जायचं नाही का? तसं अजिबात नाही. त्या मुलाला पाहुणे हवेच आहेत. उलट माझं म्हणणं, जरूर जा. फक्त बुकिंग करताना जागा कोणाची हे विचारा. स्थानिक कुटुंब स्वतःच्या जमिनीवर तंबू लावत असेल तर तिथे राहा, एखादी सोय कमी असली तरी चालेल. गाद्या काय, घरी आहेतच.

आणि काठावर बसाल तेव्हा पोराबाळांना सांगा, की हे तळं निसर्गाने केलेलं नाही, याच्या तळाशी बांध आहेत. त्यांना कळतं, हो. आमच्या धाकटीने लगेच विचारलं, मग ती माणसं कुठे गेली? याचं पूर्ण उत्तर द्यायला मला त्या मुलालाच हाक मारावी लागली, आणि तो जेवणाची ताटं बाजूला ठेवून बराच वेळ एकेका घराचं सांगत बसला.