मल्टिपल स्क्लेरॉसिस : उपचार केव्हा सुरू करावेत

मेंदू, मज्जारज्जू आणि दृक्‌चेता यांतील तंतूंवरचे मायलिन आवरण शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट होते, तो विकार म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस). निदानानंतर रोगाची चाल मंदावणारी औषधे कधी सुरू करायची, हा प्रश्न १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा-१बी या औषधाला मान्यता मिळाल्यावरच खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याआधी मुख्य आधार स्टेरॉइडांचा होता. शिरेतून तीन ते पाच दिवस दिलेले मिथाइलप्रेडनिसोलोन आलेला झटका लवकर ओसरवते, पुढचा टाळत नाही. हे नीट समजावले नाही, तर सलाइन संपले की उपचार संपले, असे घरचे धरून चालतात.

बहुतेक रुग्णांत रोग झटक्याझटक्यांनी येतो. एका डोळ्याला अंधुक दिसते, पायांत मुंग्या येतात, आणि काही आठवड्यांत हे बरेचसे आपोआप निवळते. औषधाचा उपयोग सर्वांत जास्त असतो तो याच काळात, आणि औषध घ्यावेसे सर्वांत कमी वाटते तेही याच काळात. लक्षणे नसताना एमआरआयमध्ये नवे व्रण दिसत राहतात. गेलेले चेतातंतू आजची औषधे परत आणत नाहीत. लवकर सुरुवात करण्यामागचे मुख्य कारण हेच.

२००० सालच्या ‘चॅम्प्स’ आणि २००६ सालच्या ‘बेनिफिट’ या चाचण्यांत पहिल्याच झटक्यानंतर इंटरफेरॉन दिल्याने दुसरा झटका लांबल्याचे स्पष्ट दिसले. अपंगत्वाबाबतचा पुरावा मात्र तेवढा ठाम नाही : ‘बेनिफिट’मध्ये तिसऱ्या वर्षी दिसलेला फरक पाचव्या वर्षी फिका पडला. मॅकडोनाल्ड निकषांच्या २०१७ च्या आवृत्तीने पाठीतून काढलेल्या पाण्यातील ऑलिगोक्लोनल पट्ट्यांना निदानात वजन दिले, त्यामुळे अनेकांत पहिल्या झटक्यावरच निदान पक्के होऊ लागले. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीची २०१८ ची मार्गदर्शिका अलीकडे झटका आलेल्यांना किंवा एमआरआयमध्ये नवी हालचाल दिसलेल्यांना औषध द्यावे असे सांगते. दोन वर्षे झटका नाही, नवा व्रण नाही आणि औषधही चालू नाही, अशा रुग्णाला नियमित तपासणीवर ठेवण्याची मुभाही देते.

काही आठवड्यांचा उशीर मात्र योग्यच असतो. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा एमएससारखाच भासणारा वेगळा रोग इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब या एमएसच्या औषधांनी बळावू शकतो. त्यामुळे शंका असेल तेथे ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंडांची तपासणी आधी करावी. प्रतिकारशक्ती दबवणाऱ्या औषधांपूर्वी हिपॅटायटिस बी आणि सुप्त क्षयरोग यांची चाचणी होते. भारतात दुसरी टाळणे धोक्याचे. कांजिण्यांची प्रतिपिंडे पाहून राहिलेल्या लसी आधी टोचून घेतात. रुग्ण बहुधा वीस ते चाळीस वयातील स्त्री असल्याने मूल हवे आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारले पाहिजे : टेरिफ्लुनोमाइड हे एमएसचे औषध गर्भाला घातक ठरू शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झटके कमी होतात, पण बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात.

सौम्य औषधाने सुरुवात करून गरजेप्रमाणे चढत जावे की आरंभीच प्रभावी औषध द्यावे, यावर मतभेद आहेत. ‘ट्रीट-एमएस’ आणि ‘डेलिव्हर-एमएस’ या चाचण्या त्याच प्रश्नासाठी आखल्या गेल्या. भारतात हा वाद पुष्कळदा खर्चाशी येऊन थांबतो. देशी बनावटीचे रिटुक्सिमॅब २००७ पासून मिळते; एमएससाठी अधिकृत मान्यता नसूनही ते येथे वापरले जाते. स्वीडनमध्येही त्याचा वापर मोठा आहे.

सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत ऑक्रेलिझुमॅबला मान्यता मिळाली. या प्रकारासाठीचे ते पहिले मान्य औषध. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एमआरआयमध्ये एमएससारखे व्रण सापडतात, पण लक्षण एकही नसते, अशांबाबत निर्णय आणखी अवघड आहे. डायमिथाइल फ्युमरेट आणि टेरिफ्लुनोमाइड यांच्या चाचण्यांत अशा व्यक्तींमध्येही पहिला झटका लांबला. तरी त्यातील बऱ्याच जणांना औषधाविनाही वर्षानुवर्षे काही होत नाही.