ऑलिव्ह आणि मोह : नाणेघाटाच्या पायथ्याशी तेलाचा इतिहास

१/ ग्रीस म्हटले की ऑलिव्हचे तेल आठवते. शहापूर-मुरबाड म्हटले की माहुलीचा किल्ला, माळशेज, नाणेघाट. पण या दोन तालुक्यांच्या रानांतही एक तेलवृक्ष शतकानुशतके उभा आहे : मोह. एका झाडाला राज्याने जपले, दुसऱ्याकडे संशयाने पाहिले. हा धागा त्या फरकाविषयी.

२/ प्राचीन अथेन्समध्ये काही ऑलिव्ह वृक्ष अथेना देवीचे मानले जात. कोणाच्याही शेतात असले तरी त्यांच्यावर राज्याची देखरेख असे. पॅनाथेनिया उत्सवातील स्पर्धांच्या विजेत्यांना याच झाडांचे तेल चित्रित कुंभांत भरून मिळे.

३/ असा वृक्ष तोडणाऱ्यास पूर्वी देहदंड होता, असे ॲरिस्टॉटलच्या नावे असलेल्या 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथात सांगितले आहे. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या प्रारंभी लिसियसने एका जमीनमालकासाठी बचावाचे भाषण लिहिले. आरोप कोणता? शेतातील ऑलिव्हचा खुंट उपटल्याचा!

४/ आता आपल्याकडे येऊ. इ.स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदर 'कॅलिएना' या नावाने येते. कल्याणहून मुरबाडमार्गे नाणेघाट चढला की जुन्नर, आणि पुढे सातवाहनांचे पैठण. भूमध्य सागराकडील 'अँफोरा' कुंभांचे तुकडे घाटमाथ्यापलीकडे नेवाशाच्या उत्खननात सापडले आहेत. अशा कुंभांतून प्रामुख्याने मद्य येई. ऑलिव्हचे तेलही त्यांतूनच वाहिले जाई.

५/ तेल मात्र आपल्याला परके नव्हते. नाशिकच्या लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या (इ.स. तिसरे शतक) शिलालेखात 'तिलपिषक', म्हणजे तेल गाळणाऱ्यांची श्रेणी येते. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेल्या रकमेचा काही भाग या श्रेणीकडे होता. मुद्दल अक्षय ठेवायचे आणि व्याजातून औषध द्यायचे. तेली त्या काळी पतपेढीही चालवीत होते!

६/ जुन्नरच्या एका शिलालेखात करंजाची झाडे लावण्यासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. करंजाचे तेल दिव्याचे आणि औषधाचे. ग्रीसमध्ये ऑलिव्हभोवती जी कामे एकवटली, ती आपल्याकडे तीळ, खुरासणी, करंज आणि मोह यांनी वाटून घेतली.

७/ मोहाची फुले चैत्राच्या सुमारास गळतात. पुढे फळे पिकतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बिया, म्हणजे मोहट्या, वेचल्या जातात. सरी लागल्या की बी रुजते किंवा कुजते. म्हणून ही पावसाशी शर्यत असते. वेचणाऱ्यांत स्त्रिया आणि मुले अधिक.

८/ मग टरफल फोडून गर वाळवायचा, कुटायचा, वाफवायचा आणि दाबून तेल काढायचे. मध्य भारतातील आदिवासी त्यासाठी दोन जड लाकडांचे दाबयंत्र वापरत. प्राचीन ग्रीसमध्येही ऑलिव्हचा लगदा लांब लाकडी तरफेने दाबला जाई. जेथे तेली जवळ, तेथे काम बैलाच्या घाण्यावर होई. गरात निम्म्याच्या आसपास तेल असते. थंडीत ते तुपासारखे थिजते.

९/ हे तेल स्वयंपाकाला, दिव्याला, अंगाला लावायला. पेंडीत साबणासारखा फेस देणारे विषारी द्रव्य असल्याने ती ओढ्यातील मासे धरण्यासाठी वापरली जाई. पुढे इंग्रजांनी हीच पेंड गोल्फच्या मैदानांवरील गांडुळे काढण्यासाठी नेली. पहिल्या महायुद्धापूर्वी मोहाच्या बिया युरोपात, मुख्यत्वे जर्मनीत, साबण आणि मेणबत्त्यांसाठी जात.

१०/ बियांना असा मान मिळाला, पण फुलांवर मात्र पहारा बसला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी पकड घट्ट केली. घरगुती दारू थांबेना, तेव्हा १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा आला. त्याचा रोख ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांवर होता. ज्या फुलांवर ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबे टंचाईचे दिवस काढीत, ती बाळगणेच संशयास्पद ठरले.

११/ अथेन्सचा कायदा विचारी, 'झाड कोणी तोडले?' मुंबईचा कायदा विचारी, 'फुले कोणी ठेवली?' पहिल्या प्रश्नामुळे झाडाचा वारसा झाला, दुसऱ्यामुळे झाडाची बदनामी. आजही 'मोह' या शब्दापुढे अनेकांना फक्त दारू आठवते. तेल आठवत नाही.

१२/ २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील आदिवासींचा हक्क मान्य केला, आणि त्यात मोहही आला. पण हक्क मिळाला तरी झाड उरले पाहिजे. फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला की रोपेही जळतात. बिया सगळ्या वेचल्या की नवे झाड उगवणार कशातून? लावलेल्या मोहाला बहर यायला दशकभर तरी वाट पाहावी लागते.

१३/ ऑलिव्हच्या वारशाची ग्रंथांनी आणि कुंभांनी राखण केली. मोहाच्या तेलाची कृती बहुतांशी आज्यांच्या हातांत आहे. तुमचे गाव या पट्ट्यात असेल, तर या पावसाळ्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईपाशी बसा. मोहटी कशी फोडत, गर किती वेळ वाफवत, हे विचारा आणि लिहून ठेवा. तेवढी वहीसुद्धा इतिहासाचे साधनच आहे.