दोन कागदांमधली हवा

20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्राने एक महाकाय फुगा सोडला. उंचावरच्या हवेत सूक्ष्मजीव आहेत का हे पाहण्यासाठी त्याला 459 किलोचे उपकरण बांधले होते. त्यात निर्वात आणि निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या, एकूण 16. त्या 38 किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. नळीचे तोंड उघडले की आत शिरणारी हवा त्या थंडीने गोठायची, आणि तिच्या जागी आणखी हवा ओढली जायची. काम संपल्यावर नळ्या हवाई छत्रीने खाली आल्या.

असा प्रयोग 2001 मध्ये एकदा झाला होता आणि त्यात सूक्ष्मजीव सापडलेही होते. तरी तो पुन्हा केला, कारण ते जीव जमिनीवरूनच मिसळले असतील ही शंका शक्य तितकी दूर करायची होती. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे जयंत नारळीकर प्रमुख संशोधक होते. नमुन्यांची तपासणी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली: हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रात एस. शिवाजी यांच्याकडे आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे.

या कामाचे दोन कागद आज शेजारी ठेवून वाचता येतात. पहिला आहे इस्रोचे मार्च 2009 चे प्रसिद्धिपत्रक. त्यानुसार जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या. जिवाणूंची ओळख ‘16एस’ जनुकावरून पटवली गेली. हे जनुक प्रत्येक जिवाणूत असते आणि फार सावकाश बदलते, म्हणून त्यातल्या अक्षरांचा क्रम जुळवला की नाते कळते. 9 वसाहतींचा क्रम ज्ञात प्रजातींशी 98 टक्क्यांहून अधिक जुळला. उरलेल्या तीन जिवाणूंच्या वसाहती नव्या प्रजातींच्या ठरल्या. त्या पृथ्वीवर आढळत नाहीत, असेही पत्रक म्हणते. मात्र त्यांचा उगम पृथ्वीबाहेरचा असल्याचे सिद्ध झालेले नाही, हेही तेच पत्रक नोंदवते.

दुसरा कागद म्हणजे त्याच वर्षीचा शोधनिबंध. 27 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करणाऱ्या नळ्यांतून हे तीन जिवाणू वेगळे केले, एवढेच तो त्यांच्या उगमाबद्दल सांगतो. जनुकाच्या तपासलेल्या भागाची लांबीही तो देतो: 1196, 1541 आणि 1533 अक्षरे. जनुकासोबत डीएनए-संकर चाचणी आणि रासायनिक गुणधर्म पाहून मगच नावे सुचवली आहेत. ‘जॅनिबॅक्टर हॉइलाय’ हे नाव नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांच्यावरून आले, ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ इस्रोवरून आणि ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ आर्यभटावरून. जिवाणू ‘आकाशातून’ आले असे निबंधाचे शीर्षक म्हणत नाही. ते ‘नळ्यांतून’ म्हणते. हा एक शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण हाती जे आले तेवढेच तो सांगतो.

पुढच्या नोंदींनी ही सावधगिरी योग्य ठरवली. आर्यभटाच्या नावाचा जिवाणू नंतर दक्षिण कोरियात सोयाबीनच्या मुळांलगतच्या मातीतही सापडला. इस्रोचे नाव धारण करणारा 2016 मध्ये ‘सॉलिबॅसिलस’ या प्रजातिगटात हलवला गेला. जनुकाची खूण जिवाणू कोणाच्या नात्यातला आहे हे सांगते. तो कुठून निघाला, जमिनीवरून वाऱ्याने वर नेला की आणखी कुठून आला, हे तिच्यात लिहिलेले नसते. त्यासाठी नळी कशी धुतली, केव्हा उघडली आणि कोणी तपासली याची नोंदच पाहावी लागते. या प्रयोगाने ती नोंद जपली, म्हणून आजही त्याच्याशी प्रामाणिकपणे वाद घालता येतो.